वही घ्यावी पारखून

आठवडे बाजारात कोथिंबिरीची जुडी घेताना आपण ती उलटीसुलटी करून पाहतो. ज्वारी घेताना मूठभर दाणे तळहातावर पसरतो, एखादा दाताखाली धरून पाहतो. चप्पल घेताना ती वाकवून पाहतो. आणि वही? वही घेताना आपण मुखपृष्ठावरचे चित्र पाहतो, मागची किंमत पाहतो आणि "द्या दोन" म्हणून मोकळे होतो! जी वस्तू पुढचे सहा महिने रोज हाताळायची, जिच्यापाशी मनातले बोलायचे, तिचे अंतरंग न पाहताच आपण ती पिशवीत टाकतो. मला हे फार विपरीत वाटते. म्हणूनच वार्षिक अंकासाठी कविता किंवा सहलीचे वर्णन न देता मी वहीच्या कागदासारखा रूक्ष विषय निवडला आहे. वाचक मित्रांनी व गुरुजनांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. वर्गातल्या टिपणांच्या वहीविषयी मला बोलायचे नाही. ती परीक्षेपुरती असते. निकाल लागला की रद्दीवाल्याच्या तराजूत जाते, आणि त्यात गैर काही नाही. मला बोलायचे आहे ते रोजनिशीच्या वहीविषयी. आपल्यापैकी बरेचजण रोजनिशी लिहितात, काहीजण चोरून लिहितात, आणि बहुतेकजण दरवर्षी एक जानेवारीला लिहायला घेऊन संक्रांतीच्या आत सोडून देतात. या वहीचे काम निराळे आहे. ती आज लिहायची असते आणि वीस-तीस वर्षांनी वाचायची असते. म्हणून तिच्या कागदाकडून आपली अपेक्षाही निराळी हवी. माझे मत थोडक्यात सांगायचे तर असे की, रोजनिशीच्या वहीत पैसे मोजावेत ते कागदाला आणि शिवणीला, पुठ्ठ्याच्या थाटाला नव्हे. आणि कागदही इतका उंची नसावा की त्यावर लिहायची भीती वाटावी.

कागदाची पारख ही काही परदेशातून आलेली हौस नव्हे. कोपरगावच्या दोन्ही अंगांना एके काळी कागदाची नामांकित गावे होती. पूर्वेला दौलताबाद-खुलताबादजवळ कागजीपुरा आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादेस आणली, तिच्यामागून आलेल्या कागद करणाऱ्या कारागिरांनी ते वसवले असे सांगतात. दुसऱ्या अंगाला, संगमनेर-नारायणगावच्या वाटेने, जुन्नर. जुन्नरचा कागद मराठी दफ्तरांत इतका वापरला गेला की 'जुन्नरी कागद' हे त्याचे नावच पडून गेले. चिंध्या, ताग-अंबाडीची जुनी पोती, दोरखंडाचे तुकडे चुन्याच्या पाण्यात भिजवायचे, कुटून त्यांचा लगदा करायचा, तो पाण्याने भरलेल्या हौदात कालवून चाळणीवर उचलायचा, ताव भिंतीवर वाळवायचा, त्याला खळ द्यायची आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटून चकाकी आणायची, अशी ती रीत होती. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवेकाळातले लक्षावधी मोडी कागद आहेत. दोनशे-अडीचशे वर्षे उलटली तरी त्यातले कितीतरी आजही उलगडून वाचता येतात. आता आपल्या कोणत्याही जुन्या ग्रंथालयात जाऊन चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची एखादी स्वस्त आवृत्ती कपाटातून काढून पाहा. पाने तपकिरी झालेली, कडा पापडासारख्या मोडणाऱ्या! अडीचशे वर्षांचा कागद धड आणि पन्नास वर्षांचा मोडका, हे कसे?

याचे उत्तर कागदाच्या पोटात आहे. चिंध्यांचा आणि अंबाडीचा धागा लांब व जवळपास शुद्ध असतो. शिवाय चुन्यामुळे त्या कागदात आम्ल टिकत नसे. यंत्रावर होणारा स्वस्त कागद मुख्यतः लाकडाच्या किंवा गवतकाडीच्या लगद्याचा. लाकडात लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो लगद्यातून पुरता काढला नाही तर ऊन व हवा लागून कागद पिवळा पडतो. वर्तमानपत्र आठ दिवस उन्हात राहिले की त्याचा रंग बदलतो तो यामुळेच. दुसरे कारण तुरटीचे. शाई फुटू नये म्हणून कागदाला राळ आणि तुरटी देण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत निघाली आणि यंत्राच्या कागदात सर्वत्र रुळली. तिने कागद स्वस्त झाला खरा, पण या तुरटीने कागदात आम्ल राहते आणि ते कागदाचा धागा हळूहळू खात जाते. अलीकडे बरेच कारखाने आम्ल न वापरता, चुनखडीची पूड घालून कागद करतात; वहीवर 'आम्लमुक्त' असे लिहिलेले असते त्याचा अर्थ हाच. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदासाठी आयएसओ ९७०६ हे आंतरराष्ट्रीय मानक १९९४ साली आले. त्यात कागदामध्ये किमान दोन टक्के चुनखडीइतका अल्कलीचा साठा असावा अशी अट आहे. म्हणजे जुन्नरच्या कागद्याने हौदात ओतलेला चुना विज्ञानाने फिरून परत आणला, असेच म्हणायचे!

आणि कोपरगावकरांनी तरी कागदाला कमी लेखू नये. राघोबादादांची अखेर याच गावात झाली. १७८३ साली ते येथेच वारले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधल्या खुनाच्या संदर्भात 'ध चा मा' केल्याची जी आख्यायिका घरोघर सांगतात, ती आनंदीबाईंच्या नावाशी जोडलेली आहे. ती खरी की खोटी हे इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगावे. मला त्यातून एवढेच दिसते की, एका अक्षराची किंमत काय असते हे मराठी माणूस एका कागदाच्या कहाणीतूनच शिकला. ज्या गावाच्या नावाशी अशी कहाणी चिकटली आहे, त्या गावाने तरी वही डोळे झाकून घेऊ नये.

आता प्रत्यक्ष पारखीकडे वळू. दुकानदार बहुधा भला माणूस असतो. एक वही उघडून पाहिली तर तो रागावत नाही. प्रथम एक पान उजेडासमोर धरावे. चांगल्या कागदात लगदा सारखा पसरलेला दिसतो. हलक्या कागदात ढगाळ आभाळासारखे कुठे दाट, कुठे विरळ असे डाग दिसतात. विरळ जागी शाई मागे उतरणार हे नक्की. मग पानाच्या दोन्ही बाजूंवरून बोट फिरवावे. यंत्राच्या कागदाची एक बाजू थोडी खरखरीत असू शकते. पण फरक फार असेल तर पाठपोट लिहिणाऱ्याला एक पान सुखाचे आणि एक दुःखाचे, असे सहा महिने काढावे लागतात. पान हलवून त्याचा आवाजही ऐकावा. कडक, खडखडणारा आवाज हा खळ नीट बसल्याची खूण असतो. चिंधीसारखे मुकाट हलणारे पान बहुधा शाई पिणारे निघते.

खरी परीक्षा शाईची. घरी एखादी जुनी वही असेल तर तिच्या शेवटच्या पानावर, नाहीतर दुकानदाराच्या परवानगीने त्याच्याकडच्या नमुन्यावर, आपल्या नेहमीच्या पेनाने चार आडव्या-उभ्या रेघा ओढाव्यात, एक गाठोड्यासारखे अक्षर लिहावे आणि एक ठिपका देऊन पेन तिथे क्षणभर टेकवून ठेवावे. मग तीन गोष्टी निरखाव्यात. पहिली, रेघेच्या कडेला केसांसारखे फाटे फुटले का? फुटले तर खळ कमी आहे. टीपकागदाला खळच नसते, म्हणून तो शाई पितो. फुटणारा कागद हा टीपकागदाचा चुलतभाऊच समजावा. दुसरी, शाई पानातून आरपार जाऊन मागे डाग पडला का? तिसरी, डाग नाही, पण अक्षर मागच्या बाजूने दिसते का? या शेवटच्या दोन गोष्टी एकच वाटतात, पण त्या एक नव्हेत. आरपार जाणे हा खळीचा दोष. नुसते दिसणे हा पातळपणाचा, म्हणजे अपारदर्शकता कमी असल्याचा. पेन बदलून पहिला दोष कधी कधी झाकता येतो, दुसरा मात्र वहीबरोबरच येतो. बॉलपेनने लिहिणाऱ्यांनी पानाच्या मागे बोट फिरवून पाहावे. पातळ कागदावर अक्षरांचे उंचवटे इतके उठतात की मागचे पान आंधळ्याच्या लिपीचे वाटू लागते.

पाढऱ्याशुभ्र कागदाला भुलणे ही आपली आणखी एक सवय. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक देणारी रसायने घालतात, कपड्यांच्या निळीसारखीच ही गोष्ट. ती चमक काळाने उतरते. शुभ्रपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे. किंचित मलईसारखा रंग असलेला कागद रात्री दिव्याखाली लिहिताना डोळ्यांना झोंबत नाही, असा माझा अनुभव आहे. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी वहीचे एक कोरे पान काढून अर्धे पुठ्ठ्याखाली झाकावे आणि आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात आठवडाभर ठेवावे. झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक पाहिला की कागदाची जातकुळी समजते. कोपरगावचे ऊन या कामी कुठल्याही प्रयोगशाळेला हार जाणार नाही!

कागदाचे वजन 'जीएसएम' या मापाने सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, एवढाच त्याचा अर्थ. ए-फोर आकाराचा ताव चौरस मीटरचा बरोबर सोळावा हिस्सा असतो. म्हणून ८० जीएसएमचा एक ताव ५ ग्रॅम भरतो आणि ५०० तावांचे रीम अडीच किलो. शाळेच्या वह्या साधारण ५४ ते ६० जीएसएमच्या असतात. शाईच्या पेनाने पाठपोट लिहायचे तर ७० च्या पुढचा कागद बरा. वहीवर आकडा छापलेला नसेल तर किराणा दुकानातला काटा कामी येतो. समजा वही २४ × १८ सेंटिमीटरची आहे आणि तिच्यात १८४ पृष्ठे, म्हणजे ९२ पाने आहेत. एका पानाचे क्षेत्रफळ ४३२ चौरस सेंटिमीटर. सगळ्या पानांचे मिळून सुमारे ३.९७ चौरस मीटर. पुठ्ठा वगळून कागदाचे वजन २३० ग्रॅम भरले, तर २३० ला ३.९७ ने भागावे. उत्तर ५८ च्या आसपास येते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याला एवढे गणित यायला हरकत नाही. पण वजन म्हणजे सर्वस्व नव्हे हेही ध्यानात ठेवावे. जड कागदालाही खळ नसेल तर तो शाई पितोच, आणि नीट खळ दिलेला ६० चा कागद कधी कधी ८० च्या कागदाला मागे टाकतो. वजनाने संशय घ्यावा, निकाल शाईने द्यावा.

पृष्ठांच्या आकड्यातही गोम असते. बोलण्यात आपण 'पान' म्हणतो, वहीवर छापलेला आकडा मात्र पृष्ठांचा असतो. पाने त्याच्या निम्मी. काही वह्यांवर बारीक अक्षरात 'मुखपृष्ठासह' असेही लिहिलेले आढळते. म्हणून वही स्वस्त की महाग हे किमतीवरून नव्हे, तर लिहिता येणाऱ्या एका पृष्ठाच्या खर्चावरून ठरवावे. उदाहरणादाखल, सारख्याच आकाराच्या, १९२ पृष्ठांच्या दोन वह्या घेऊ. एक ४८ रुपयांची, दुसरी ७२ रुपयांची. वरवर पाहता पहिलीत पृष्ठाला २५ पैसे पडतात, दुसरीत साडेसदतीस. पहिलीच स्वस्त! पण तिच्या कागदातून शाई आरपार जात असेल तर एकाच बाजूला लिहिता येईल. म्हणजे १९२ ची ९६ पृष्ठे झाली आणि पृष्ठाला ५० पैसे पडले. स्वस्त वही महागात पडते ती अशी. उलट, तीनशे रुपयांची कातडी बांधणीची वही घेतली आणि आतला कागद त्याच ७२ रुपयांच्या वहीतला असेल, तर उरलेले पैसे आपण पुठ्ठ्याला दिले. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, हे वहीच्या दुकानात पदोपदी प्रत्ययाला येते.

कागदाइतकेच महत्त्व शिवणीला. मधोमध दोन पिना मारलेली वही पातळ असेल तोवर ठीक. पावसाळ्यात पिना गंजतात आणि मधली पाने तांबड्या डागांसह सुटी होतात. नुसत्या गोंदाने चिकटवलेली जाड वही दिसते देखणी, पण सपाट उघडू गेले की कणा मोडतो आणि एकेक पान निखळते. दोऱ्याने शिवलेली वही ओळखण्याची खूण सोपी आहे. कण्याकडे वरून पाहिले तर घडीच्या पानांच्या लहान लहान जुड्या दिसतात, आणि वही मधोमध उघडली की जुडीच्या पोटात दोरा दिसतो. अशी वही टेबलावर सपाट पडून राहते; डाव्या हाताने तिला दाबून धरावे लागत नाही. आपल्या बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांना हे फार पूर्वीच कळले होते. लाल कापडी बांधणीच्या, दोऱ्याने शिवलेल्या कीर्द-खतावण्यांची लक्ष्मीपूजनाला पूजा होई, आजही काही पेढ्यांवर होते. जी वही देवापुढे ठेवायची आणि वर्षानुवर्षे जपायची, ती गोंदाने चिकटवून चालत नाही, हा त्यामागचा व्यवहार. पैशाच्या हिशेबाला इतकी चांगली वही लागते, मग आयुष्याच्या हिशेबाला का लागू नये?

येथे काहीजण आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, "लिहिणाऱ्याला कागद कसला पाहिजे? आत काही असेल तर माणूस पाकिटाच्या पाठीवरही लिहील." खरे आहे. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या आणि त्या तरल्या, असे परंपरा सांगते. पण लोकांच्या मुखात ते अभंग राहिले ते कागदाच्या जातीमुळे नव्हे. आपल्यापैकी कितीतरीजण मागच्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढून, दाभणाने भोके पाडून, दोऱ्याने शिवून नवी वही करत आले आहेत. कुणाच्या आईने, कुणाच्या थोरल्या भावाने ती शिवून दिली असेल. त्या वहीची थट्टा करणारा माझा मित्र नव्हे. उलट मी म्हणेन की ती वही अनेक दुकानी वह्यांपेक्षा सरस असते, कारण ती शिवलेली असते! माझे म्हणणे उंची कागदाची फॅशन करा असे मुळीच नाही. हातात जे चार पैसे आहेत ते योग्य जागी खर्चा, एवढेच आहे.

फार भारी वहीचा एक तोटा तर मी अनेक मित्रांच्या बाबतीत पाहिला आहे. वाढदिवसाला कुणीतरी सुंदर वही भेट देते. मग "हिच्यात काहीतरी मोठेच लिहायला हवे" असे वाटून ती कपाटात जाते आणि वर्षानुवर्षे कोरी राहते. नाकापेक्षा मोती जड! नव्या वर्षात पतसंस्था, बँका, खते-बियाण्यांची दुकाने डायऱ्या वाटतात. त्यांचा कागद कधी कधी बरा असतो. पण त्यांत प्रत्येक पानावर तारीख छापलेली असते. चार दिवस लिहिणे चुकले की चार कोरी पाने आपल्याकडे डोळे वटारून पाहतात, आणि जिथे दोन पाने लिहायची इच्छा असते त्या रविवारला नेमके अर्धेच पान दिलेले असते. रोजनिशीसाठी बिनतारखेची, मध्यम किमतीची, चांगल्या कागदाची, शिवलेली वही उत्तम. तारीख आपण घालावी; जो दिवस लिहिण्याजोगा असेल त्याला हवी तेवढी जागा द्यावी.

'मोबाइलमध्येच लिहितो की' असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र मोबाइल दर तीन-चार वर्षांनी बदलतो, परवलीचा शब्द विसरतो, आणि नातवाला आजीच्या पेटीत मोबाइल सापडला तरी तो सुरू होईलच याची हमी नाही. वही उघडायला वीज लागत नाही.

आता आपल्या तालुक्याशी निगडित असलेला एक मुद्दा. आपण उसाच्या मुलखात राहतो. साकरवाडी, कोळपेवाडी, सहजानंदनगर ही नावे साखरेनेच ओळखली जातात. ऊस गाळल्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओले चिपाड उरते. ते बहुतांशी बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज करतात, आणि कारखान्याच्या दृष्टीने ते योग्यही आहे. पण याच चिपाडाचा लगदा करून लिहिण्याचा कागद होतो. तमिळनाडू सरकारने १९७९ मध्ये स्थापलेली कागद कंपनी साखर कारखान्यांकडून चिपाड घेऊन, त्यांना बदली इंधनाची सोय करून देऊन, करूरजवळ मोठ्या प्रमाणावर कागद करत आली आहे. चिपाडाचा धागा आखूड असतो. त्यामुळे कागद गुळगुळीत होतो, पण फाटायला सोपा, म्हणून त्यात लांब धाग्याचा लगदा मिसळतात. म्हणजे ज्या शेतातल्या उसाच्या पैशावर आपली फी भरली जाते, तसल्याच उसाचे चिपाड वहीच्या रूपाने आपल्या हाती आलेले असू शकते. लाकूड न तोडता होणारा कागद म्हणून त्याला मी एक गुण जास्त देईन. पण शाईच्या परीक्षेतून त्याचीही सुटका नाही.

सरकारी हिशेबातही वहीची एक गंमत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून शून्यावर आला. हा निर्णय विद्यार्थ्यांच्या हिताचा आहे, त्याचे स्वागतच करायला हवे. डायरी आणि रजिस्टर मात्र १८ टक्क्यांच्या रांगेतच राहिले. म्हणजे रोजनिशी साध्या वहीत लिहिली तर कर नाही, 'डायरी' असे नाव असलेल्या वस्तूत लिहिली तर शंभरामागे अठरा! वही घ्यावी, डायरी घेऊ नये, या माझ्या मताला दिल्लीनेही असा दुजोरा दिला आहे.

आपल्या महाविद्यालयासाठी माझी एक साधी सूचना आहे. जून महिन्यात पंचवीस-तीस विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन चांगल्या कागदाची काही रिमे घ्यावीत आणि गावातल्या बाईंडरकडून शिवलेल्या, साध्या पुठ्ठ्याच्या, कापडी कण्याच्या वह्या करून घ्याव्यात. कागद आपण आधी पारखलेला, शिवण डोळ्यांसमोर झालेली, आणि चित्राचे पैसे वाचलेले. गावातल्या कारागिरालाही काम मिळेल. लिहिण्या-छापण्याच्या कागदासाठी आयएस १८४८ हे भारतीय मानक आहे. रीम घेताना त्याची आणि जीएसएमची चौकशी करावी. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी गावात मिळणाऱ्या दहा वह्यांचा 'लिहिता येणाऱ्या पृष्ठाचा खर्च' काढून तो फलकावर लावला, तर तो कुठल्याही प्रकल्पाइतकाच उपयोगी ठरेल.

कुणी विचारील, एवढी यातायात कशासाठी? आमच्या रोजनिशीत असे काय मोठे असते? माझे उत्तर असे. आपल्या भागाविषयी पेशव्यांच्या दफ्तरात कागद आहेत, इंग्रजांनी १८८४ मध्ये छापलेले नगर जिल्ह्याचे गॅझेटियर आहे, कारखान्यांचे वार्षिक अहवाल आहेत. राज्य करणाऱ्यांनी, कर मोजणाऱ्यांनी आणि कारभार पाहणाऱ्यांनी आपापले लिहून ठेवले. पण कालव्याचे आवर्तन लांबले त्या वर्षी एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला काय वाटले. ऊसतोडीच्या हंगामात शाळा सोडलेला मुलगा रात्री काय विचार करत होता. एसटीच्या पासासाठी पैसे साठवणाऱ्या मैत्रिणीने पहिला पगार कसा खर्च केला, हे सांगणारा कागद कोणत्या दफ्तरात आहे? तो नाही, कारण तो बहुधा लिहिलाच गेला नाही. आणि जो थोडा लिहिला गेला तो पिवळा पडून, पाने सुटून, रद्दीत गेला. उद्या कुणी या तालुक्याचा खरा इतिहास लिहू लागला तर त्याला आपल्याच वह्या लागतील. त्या त्याच्या हाती वाचण्याजोग्या पडाव्यात असे वाटत असेल, तर आज दुकानात दोन मिनिटे जास्त उभे राहायला हवे.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी वही घ्याल तेव्हा चित्र नंतर पाहा. आधी पान उजेडासमोर धरा, रेघ ओढून पाहा, शिवण तपासा, मग पैसे द्या. आणि घरी नेल्यावर तिला कपाटात जपून ठेवू नका. त्याच रात्री वर तारीख घाला आणि लिहायला लागा. कागद कितीही चांगला असला तरी कोरी वही टिकून कोणाच्याच कामाची नाही.